ओठ जड होईपर्यंत

बाभुळगाव तालुक्यातल्या आमच्या गावात मोठेबाबांना कोणी भित्रं म्हणणार नाही. बेंबळा धरणाचं पाणी शिवारात यायच्या आधीपासून ते रात्री एकटे शेत राखत आले. पऱ्हाटीत रानडुकरं शिरली की काठी घेऊन पुढे तेच. कुणाच्या घरात नाग निघाला की बोलावणं त्यांनाच. आणि हाच माणूस आठ महिने सुजलेला गाल दुपट्ट्यात झाकून हिंडत होता.

लवंग झाली, मिठाच्या गुळण्या झाल्या. मेडिकलमधल्या गोळ्या खाऊन पोटात आग पडायला लागली. शेवटी तंबाखू-चुन्याचा खर्रा घोटून तो दाढेवर दाबून धरायचा, हा उपाय सुरू झाला. दाढ घटकाभर बधिर व्हायची, पण चुन्यानं हिरडीची साल निघाली होती. मी दिवाळीला घरी गेले तेव्हा ते भाकर पाण्यात कुस्करून गिळत होते. डॉक्टरकडे चला म्हटलं की उत्तर ठरलेलं, "वेचणी होऊ दे."

वेचणीचं ते निमित्त होतं. खरं काय ते रात्री कळलं. ओसरीत कापसाचा ढीग पडला होता, त्याला टेकून ते बसले आणि माझ्याकडे न बघता बोलायला लागले. तीस वर्षांपूर्वी अशीच दाढ सुजली होती. दवाखान्यात गर्दी होती. सुई टोचली आणि लगेच पकड लावली.

"मी वरडलो तर म्हणे, एवढा मोठा गडी अन् रडते. दोघांनी हात धरले होते माह्ये. पोरी, मले नागाचं भेव नाही लागत, त्या खुर्चीचं लागते."

ही गोष्ट त्यांनी मोठ्या आईलाही सांगितली नव्हती. मला त्या रात्री झोप लागली नाही. पुरुषानं भीती बोलून दाखवायची नाही, हे आपणच त्यांना शिकवलं. त्याची किंमत त्यांनी आठ महिने भाकर पाण्यात कुस्करून मोजली.

चौथ्या दिवशी धामणगावहून रेल्वेनं नागपूर गाठलं. दंतवैद्य बाई तरुण होत्या. मी आधीच सांगून टाकलं, यांना फार भीती वाटते. त्यांनी हातातला आरसा खाली ठेवला, स्टूल ओढून समोर बसल्या आणि विचारलं, "बाबा, तेव्हा नेमकं काय झालं होतं?"

मोठेबाबांनी सांगितलं. सांगताना हात खुर्चीच्या दांडीवर घट्ट आवळलेले.

"तुमचं काही चुकलं नव्हतं," बाई म्हणाल्या. "पू झालेल्या जागी आम्लता वाढते, तिथे भुलीचं औषध नीट लागू होत नाही. त्यात सुई दिल्यावर थांबायला हवं होतं. तुम्हाला दुखलं ते खरंच दुखलं."

मोठेबाबा त्यांच्याकडे बघतच राहिले. तीस वर्षांत हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

त्या दिवशी बाईंनी दाढ काढलीच नाही. पू मोकळा केला, औषधं दिली, आठवड्यानं बोलावलं. आणि भीतीवर काय काय करता येतं तेही समजावून दिलं. सगळ्यात हलका उपाय नाकावाटे द्यायच्या गॅसचा. नायट्रस ऑक्साइड आणि ऑक्सिजन एकत्र करून देतात. माणूस जागा असतो, बोललेलं कळतं, फक्त मन सैल पडतं. त्याहून भीती मोठी असेल तर मिडॅझोलॅमसारखं औषध पोटातून किंवा शिरेतून देतात. त्याची गुंगी जास्त, नंतर त्या वेळचं फारसं आठवतही नाही. पण त्याला आधी उपाशी राहावं लागतं, बोटाला ऑक्सिजन मोजायचं यंत्र लावून कुणीतरी सतत लक्ष ठेवावं लागतं, सोबत माणूस लागतो आणि त्या दिवशी गाडी चालवायची नाही. पूर्ण बेशुद्ध करायचं तर ऑपरेशन थिएटर आणि भूलतज्ज्ञ हवा. ते लहान लेकरांच्या बऱ्याच दातांचं काम एकदम करायचं असेल, नाहीतर दुसरं काहीच चालत नसेल तेव्हा. "घरून झोपेची गोळी खाऊन मात्र येऊ नका," हे त्यांनी दोनदा बजावलं. "जेवढ्यानं भागतं तेवढंच द्यायचं. तुम्हाला गॅस पुरेल."

आठवड्यानं नाकावर रबरी टोपी बसली. आधी नुसता ऑक्सिजन, मग हळूहळू गॅस. दांडीवरची बोटं एकेक करून सुटत गेली, ते मी बघत होते. गॅसनं भीती उतरते, दाढ बधिर व्हायला सुई लागतेच. हिरडीला आधी मलम लावलं, मग सुई. आणि बाईंनी पकड हातात घेतलीच नाही. म्हणाल्या, "आता आपण थांबायचं. दुखलं तर डावा हात वर करा, मी लगेच हात काढीन."

थांबता थांबता त्यांनी होरेस वेल्सची गोष्ट सांगितली. अमेरिकेतल्या हार्टफर्डचा हा दंतवैद्य. 11 डिसेंबर 1844 ला त्यानं हाच गॅस हुंगून स्वतःची दाढ काढून घेतली, आणि दुखलं नाही. पुढच्याच महिन्यात बॉस्टनला भरल्या सभेत तो हे दाखवायला गेला. पण गॅसची पिशवी वेळेआधी बाजूला झाली, रोगी ओरडला आणि लोकांनी वेल्सला खोटा ठरवून हाकललं. खचलेल्या अवस्थेतच 1848 मध्ये तो वारला. गॅस मात्र खराच होता. 1863 पासून दातांच्या कामात तो परत आला आणि आजही आहे.

मोठेबाबा अर्धवट मिटल्या डोळ्यांनी ऐकत होते. टोपीखालून सावकाश म्हणाले, "घाई झाली त्याची. बोंड फुटाच्या आंधी ओढलं का कापूस येत नाही, बोटंच फाटते."

"ओठ जड झाला का, बाबा?"

"अजून नाही."

बाई थांबल्या. पुन्हा विचारलं. तिसऱ्या खेपेला मोठेबाबांनी स्वतःच्या बोटानं ओठ दाबून पाहिला आणि मान हलवली. मग हिरडी टोचून बघितली, आणि मगच पकड लागली. डावा हात एकदाही वर झाला नाही. शेवटी पाच मिनिटं नुसता ऑक्सिजन दिला. कापूस दाताखाली दाबून मोठेबाबा आपल्या पायांनी बाहेर आले.

संक्रांतीच्या आत आणखी दोन किडलेल्या दाढा त्यांनी काढून घेतल्या. त्या दोन्ही वेळा गॅस लागला नाही. सुई दिल्यावर बाई स्टूलवर बसून राहायच्या, आणि ओठ जड झाला हे मोठेबाबा आपणहून सांगायचे.