खळ्यावरचा पाऊस

पिकं वाढावीत म्हणून पाऊस पडतो का? ॲरिस्टॉटलने 'फिजिक्स' या ग्रंथाच्या दुसऱ्या भागात हा प्रश्न विचारला आहे, आणि त्यासाठी उदाहरण घेतलं आहे ते कुठल्याही शेतकऱ्याला ओळखीचं वाटेल असं. खळ्यावर पडलेलं धान्य पावसाने भिजून नासलं, तर पाऊस ते नासवायलाच आला होता असं कोणी म्हणत नाही. वाफ वर जाते, थंड होते, पाणी होऊन खाली येते. पीक तरारणं किंवा धान्य कुजणं हे त्यासोबत घडून जातं, इतकंच. मग पुढचा प्रश्न येतो: जे पावसाचं, ते दातांचं का नसावं? समोरचे दात धारदार, घास तोडायला सोयीचे. मागच्या दाढा रुंद, चावायला सोयीच्या. हे कोणी योजलेलं नसेल, नुसतं जुळून आलं असेल. ज्यांचं जुळलं ते टिकले, ज्यांचं नाही जुळलं ते नाहीसे झाले.

इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातला हा मजकूर आज वाचताना माणूस थबकतो. डार्विनही थबकला होता. 'ओरिजिन ऑफ स्पीशीज' 1859 साली प्रसिद्ध झालं. पुढच्या आवृत्त्यांत डार्विनने आपल्या आधीच्या विचारवंतांची दखल घेणारं एक टिपण जोडलं आणि त्याच्या तळटीपेत हा उतारा दिला. एका वाचकाने तो त्याच्या नजरेस आणून दिला होता. नैसर्गिक निवडीच्या तत्त्वाची सावली इथे दिसते, पण दातांविषयी ॲरिस्टॉटल जे म्हणतो त्यावरून ते तत्त्व त्याला पुरतं उमगलं नव्हतं, असा डार्विनचा शेरा आहे.

हा शेरा चुकला आहे. तो उतारा म्हणजे ॲरिस्टॉटलचं मत नाहीच, तो पूर्वपक्ष आहे. आपल्या शास्त्रग्रंथांची रीत ज्याला माहीत आहे त्याला हे लगेच कळेल: आधी प्रतिपक्षाचं म्हणणं त्याच्या पुऱ्या ताकदीनिशी मांडायचं आणि मग ते खोडायचं. डार्विनच्या हाती पूर्वपक्ष पडला आणि उत्तरपक्ष राहून गेला. त्याला दोष द्यावासा वाटत नाही. शाळेत शिकलेलं ग्रीक आपण केंब्रिजला जाईपर्यंत इतकं विसरलो होतो की काही अक्षरंही आठवेनात, असं त्याने आत्मचरित्रात मोकळेपणाने सांगितलं आहे. पण या चुकीमुळे त्या उताऱ्यातली खरी मौज झाकली गेली, याचं मला वाईट वाटतं. कारण डार्विनच्या सिद्धान्तावरचा सर्वांत कठीण आक्षेप ॲरिस्टॉटलने त्याच पानांवर, बावीसशे वर्षं आधी, मांडून ठेवला होता.

पूर्वपक्ष होता एम्पेडोक्लीझचा. सिसिलीतल्या अक्रागास या ग्रीक नगरातला हा तत्त्वज्ञ इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातला. पृथ्वी, पाणी, वायू आणि अग्नी ही चार मुळं, त्यांना जोडणारं प्रेम आणि तोडणारा कलह, एवढ्यावर त्याने विश्व उभं केलं. प्राण्यांच्या जन्माची त्याची कल्पना विलक्षण आहे. सुरुवातीला सुटे अवयवच उगवले: मानेवाचून डोकी, खांद्यांवाचून हात, कपाळ शोधत फिरणारे डोळे. ते जसे भेटतील तसे चिकटत गेले. माणसाच्या तोंडाचे बैल झाले, बैलाच्या डोक्याची माणसं झाली. ज्यांची घडण जगण्याजोगी होती तेवढे उरले.

यात निवड आहे, हे मान्य. पण ती एकदाच, अगदी आरंभी झालेली निवड आहे. त्यानंतर चाळणी बाजूला ठेवलेली. एका जातीतून दुसरी जात हळूहळू निपजते, हा विचार इथे नाही. चाळणीत पडतात ते आख्खे अक्राळविक्राळ प्राणी. पिढ्यान् पिढ्या साचत जाणारे बारीक फरक तिथे नाहीत.

ॲरिस्टॉटलचं उत्तर पावसाकडेच परत जातं. ग्रीसमध्ये पाऊस हिवाळ्याचा. हिवाळ्यात वरचेवर पाऊस झाला तर त्याला कोणी योगायोग म्हणत नाही, ऐन उन्हाळ्यात झाला तर म्हणतात. आपल्या 'अवकाळी' या शब्दात नेमका हाच भेद आहे. जे नेहमी किंवा बहुतेक वेळा होतं, ते अवकाळी नसतं. दात तर प्रत्येक मुलाला त्याच क्रमाने, त्याच आकाराचे येतात. मग त्याला जुळून आलेलं कसं म्हणायचं? शिवाय, माणसाच्या तोंडाचे बैल झाले असतील तर ऑलिव्हच्या तोंडाच्या द्राक्षवेलीही झाल्या असणार का, असंही तो विचारतो. त्याच्या मते एम्पेडोक्लीझ बीज विसरला. माणसापासून माणूसच होतो. प्राणी कसाही बनत नाही, ठरावीक बीजापासून ठरावीक वाटेने बनतो.

हा आक्षेप मला आजही भक्कम वाटतो. उत्क्रांती म्हणजे सगळं योगायोगाने झालं, अशी समजूत करून घेऊन तिच्यावर तुटून पडणारे लोक पुष्कळ भेटतात. ते नकळत ॲरिस्टॉटलचंच बोलत असतात, फक्त त्याच्याइतकं नीट नाही. त्याच्यापुढे पर्याय दोनच होते, एक तर योगायोग, नाही तर हेतू. नियमितपणा पाहिला की पहिला बाद, म्हणून दुसरा खरा. डार्विनने तिसरी वाट काढली, आणि ती काढताना बीज हातचं सोडलं नाही. मुलं आईबापांवर जातात, म्हणून दात दर पिढीला तसेच येतात. पण अगदी हुबेहूब येत नाहीत. जगू शकतील त्याहून जास्त जीव जन्माला येतात, हे त्याने 1838 मध्ये माल्थसचा लोकसंख्येवरचा निबंध वाचताना हेरलं. बारीकसा फरकही निवडून साठवत गेलं तर काय होतं, हे तो लंडनच्या कबूतरशौकिनांत मिसळून, स्वतः कबुतरं पाळून शिकला. योगायोग राहिला तो फरक उपजण्यात. तो टिकतो की नाही हे जगण्याच्या परिस्थितीवर ठरतं, आणि टिकला तर वारशाने तो नेहमीचा होऊन जातो. अवकाळी पावसाचाच पुढे ऋतू व्हावा, तसं हे आहे.

बीजाबद्दल ॲरिस्टॉटल किती बरोबर होता, हे विसाव्या शतकात उमगलं. 1969 चं नोबेल मिळवणाऱ्या माक्स डेलब्र्यूक या शास्त्रज्ञाने 1971 साली अर्ध्या गमतीने सुचवलं होतं की मरणोत्तर नोबेल देता आलं असतं, तर डीएनएमागच्या तत्त्वासाठी ते ॲरिस्टॉटलला द्यायला हवं. शरीर घडवणारा आराखडा बीजात असतो आणि तो स्वतः न बदलता घडवण्याचं काम करतो, हे ॲरिस्टॉटलने ओळखलं होतं. आराखडा फक्त बापाचा आणि आईचा केवळ माल, हे त्याचं म्हणणं मात्र साफ चूक.

हा माणूस नुसता तर्क लढवत बसला नव्हता, म्हणून त्याच्या चुकाही आदराने वाचाव्या लागतात. प्लेटोच्या मृत्यूनंतर तो अथेन्स सोडून गेला आणि काही काळ लेस्बोस बेटावर राहिला. तिथल्या आखातातले मासे, माकुळ, शिंपले त्याने पाहिले, कोळ्यांना विचारून घेतलं. उबवणीखालची अंडी रोज फोडली की तिसऱ्या दिवसानंतर पांढऱ्यात रक्ताचा एक ठिपका धडधडताना दिसतो, ते काळीज, हे त्याने लिहून ठेवलं. एका जातीच्या मुशीचं पिल्लू आईच्या पोटात नाळेने जोडलेलं असतं, हे त्याचं निरीक्षण एकोणिसाव्या शतकात योहानेस म्युलरने तपासलं तेव्हा ते खरं निघालं.

त्याच पाहण्यातून त्याला आणखी एक गोष्ट दिसली. निर्जीवापासून वनस्पती आणि वनस्पतीपासून प्राणी यांत निसर्ग इतक्या हलक्या पावलांनी सरकतो की सीमारेषा सापडत नाही. स्पंज कुठे ठेवायचा? पण ही रांग जागच्या जागी उभी होती, तिच्यात कोणी कोणाचा पूर्वज नव्हता. पुढे मध्ययुगात तिची शिडी झाली, वरच्या पायरीवर माणूस. ही शिडी आपल्या भाषेतही येऊन बसली आहे. 'उत्क्रांती' या शब्दातला 'उत्' वर नेतो, 'क्रम्' पाऊल टाकतो. शब्द उच्चारताच चढण डोळ्यांपुढे येते: वाकलेलं माकड, मग कमी वाकलेलं, मग ताठ माणूस. डार्विनने तर एका पुस्तकाच्या समासात स्वतःलाच बजावलं होतं की उच्च आणि नीच हे शब्द वापरायचे नाहीत. त्याच्या मनात झाड होतं, फांद्या फुटत जाणारं, आणि त्यात माणूस ही एक डहाळी. शब्द आता बदलणार नाही, पण शाळेत तो शिकवताना ही शिडी काढून झाड दाखवावं, असं मला कळकळीने वाटतं.

1882 च्या जानेवारीत विल्यम ओगल या डॉक्टरने 'प्राण्यांचे अवयव' या ॲरिस्टॉटलच्या ग्रंथाचं आपलं इंग्रजी भाषांतर डार्विनला पाठवलं. 22 फेब्रुवारीला डार्विनने उत्तर लिहिलं. पुस्तक पावभागाहून जास्त वाचून झालं नव्हतं, पण तो भारावून गेला होता. लिनियस आणि क्युव्हिए हे निसर्गशास्त्रज्ञ त्याचे आजवरचे दोन देव, या म्हाताऱ्या ॲरिस्टॉटलपुढे ती शाळकरी पोरं ठरतात, असं त्याने कळवलं. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, 19 एप्रिलला, डार्विन गेला.

त्या ग्रंथाच्या पहिल्याच प्रकरणात एम्पेडोक्लीझ पुन्हा भेटतो. गर्भ पोटात वळताना पाठीचा कणा मोडला म्हणून त्याचे मणके झाले, असं त्याचं म्हणणं. ॲरिस्टॉटल ते खोडून काढतो आणि पुन्हा बीजाकडे बोट दाखवतो. आता वाचताना डार्विनसमोर पूर्वपक्षही होता, उत्तरपक्षही होता. तळटीप तशीच राहिली.