सुईणीच्या माथी मारलेला दोष

1903 साली व्हाइसरॉयच्या पत्नी लेडी कर्झन यांनी राणी व्हिक्टोरियाच्या स्मरणार्थ निधी उभारला. गावोगावच्या सुईणींना स्वच्छ बाळंतपण शिकवावे, हा त्याचा हेतू. 1918 मध्ये याच निधीने देशभरातल्या डॉक्टरांचे अनुभव छापून प्रसिद्ध केले. त्यांत सुईणीच्या अज्ञानाची आणि मळक्या हातांची तक्रार वारंवार येते. ती खोटी नव्हती. अस्वच्छ हत्याराने नाळ कापली की बाळाला धनुर्वात होई आणि न धुतलेल्या हातांतून आईला सूतिकाज्वर जडे. पण मृत्यूंचा सगळा हिशेब सुईणीच्या नावावर मांडणे अन्यायाचे होते.

बाळंतपण म्हणजे विटाळ. म्हणून बाळंतिणीला घरातली अंधारी, बंद खोली मिळे आणि टाकून द्यायची जुनेरी मिळत. हा विटाळ हाताळायला बहुतेक वेळा समाजाने खालच्या ठरवलेल्या जातीतली बाईच बोलवत. तिला मोबदला म्हणून धान्य, खण, एखादे लुगडे. अडलेल्या बाईला दवाखान्यात न्यायचे की नाही, हे ठरवत घरची वडीलधारी माणसे. न्यायचे ठरले तरी दवाखाना कुठे होता? स्त्री डॉक्टरांनी चालवलेले कामा रुग्णालय 1886 मध्ये सुरू झाले, पण ते मुंबईत.

त्याच काळात स्वीडनमध्ये बहुतेक बाळंतपणे घरीच होत होती, सुईणींच्याच हातून. तरीही तिथला मातामृत्यूचा दर इंग्लंड-अमेरिकेपेक्षा बराच कमी होता. तिथल्या सुईणीला रीतसर शिक्षण होते, जंतुनाशक वापरण्याचे बंधन होते, आणि प्रकरण हाताबाहेर गेले तर डॉक्टरला बोलावण्याची वाट मोकळी होती. म्हणजे प्रश्न घर की रुग्णालय एवढाच नव्हता. सुईणीच्या पाठीशी कोण उभे आहे, हा खरा प्रश्न होता.

पुण्यात रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांच्या सेवासदनाने 1909 नंतर हे ओळखले. विधवा आणि गरजू स्त्रियांना परिचारिकेचे शिक्षण द्यायला संस्थेने ससून रुग्णालयाची मदत घेतली. परक्या माणसांना, परक्या जातींना शिवण्याचे हे काम भल्या घरच्या बायकांनी करावे, हेच अनेकांना खपत नव्हते. तरीही त्या शिकल्या आणि आजवर हलके मानलेल्या या कामाला पगार व प्रतिष्ठा मिळू लागली.

मुंबईच्या गिरणगावात तर उत्तम सुईणही एकटी अपुरी पडली असती. गिरणीतली बाई दिवस भरत आले तरी साच्यावर उभी राही, कारण खाडा म्हणजे मजुरी बुडाली. तान्ह्याला अफूची बाळागोळी चारून ती पुन्हा पाळीवर जाई. परळचे वाडिया प्रसूतिगृह 1926 मध्ये उघडले. पण खाट मिळाल्याने बुडालेली मजुरी भरून निघत नव्हती. 1928 मध्ये मुंबई विधिमंडळात प्रसूतिलाभाचे विधेयक आले, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या आगेमागे आईला विसावा मिळणे देशाच्या हिताचे आहे, अशी त्यांची भूमिका होती. 1929 मध्ये कायदा झाला आणि भारतात प्रथमच बाळंतिणीच्या विश्रांतीला कायद्याने पैशाचा आधार मिळाला.

तो आधार कारखान्यांपुरता होता. शेतात राबणारी, घरोघर धुणीभांडी करणारी बाई त्याच्या बाहेरच राहिली, आणि या बायकांचे बाळंतपण करणारी सुईणही. निधी, वर्ग, प्रमाणपत्रे यांच्या पहिल्या तीन दशकांचे यशापयश या दोघींच्या वाट्याला काय आले, त्यावरूनच मोजायला हवे.