तीच गाडी की दुसरी?

जुनी गाडी घेताना ‘ओरिजिनल आहे का?’ हा प्रश्न हमखास विचारला जातो. तो वाटतो बाजारातला, पण तत्त्वज्ञानातल्या फार जुन्या प्रश्नांपैकी तो एक आहे. एखाद्या वस्तूचे भाग एकेक करून बदलत गेले तर वस्तू तीच राहते का? राहत असेल तर कशाच्या बळावर? शोरूममधून नवी गाडी घेणाऱ्यापुढे हा प्रश्न येत नाही, कारण तिचे सगळे भाग एकाच वयाचे असतात. पन्नास वर्षांच्या स्पोर्ट्स कारचा पत्रा एका दशकातला, इंजिन दुसऱ्या दशकातले, सीटचे कापड गेल्या वर्षीचे आणि रंग बहुधा गिऱ्हाईक यायच्या आधीच्या आठवड्यातला असतो. पहिल्यांदाच अशी गाडी घेणाऱ्याने यातले नेमके काय विकत घेतले, हे सांगायला एकटा मेकॅनिक पुरत नाही.

वऱ्हाडात वेगाची हौस मोटारीच्या आधीपासूनची आहे. अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचा शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, त्याची साक्ष देतो. स्पोर्ट्स कार मात्र भारतातच फारशा बनल्या नाहीत. १९९८ साली आलेली दोन आसनांची, उघड्या टपाची ‘सॅन स्टॉर्म’ हा त्यातला दुर्मीळ अपवाद. त्यामुळे हौशी माणसाची नजर परदेशातून आलेल्या एखाद्या एमजीवर किंवा ट्रायम्फवर जाते. ते जमले नाही तर १९६१ पासून मद्रासला बनू लागलेल्या स्टँडर्ड हेरल्डवर किंवा १९८४ ते २००२ या काळातल्या कॉन्टेसावर ती येऊन थांबते. या दोन्ही गाड्या काटेकोर अर्थाने स्पोर्ट्स कार नव्हेत. हेरल्डचे नाते मात्र जवळचे आहे. ट्रायम्फची ‘स्पिटफायर’ ही नावाजलेली स्पोर्ट्स कार हेरल्डचीच चेसी आखूड करून बनवली होती.

गाडीची बांधणी कशी आहे यावर प्रश्नाचे रूप बदलते. हेरल्डची चेसी वेगळी आणि तिच्यावर बोल्टांनी बसवलेली बॉडी वेगळी. बॉडी उतरवून दुसरी चढवली तरी खाली ‘मूळ गाडी’ उरते असे म्हणायला जागा राहते. प्रीमियर पद्मिनीसारख्या गाडीत बॉडी हीच चेसी असते. दाराखालची पट्टी गंजून गेली आणि मिस्त्रीने तिथे नवा पत्रा जोडला, तर दुरुस्ती कुठे संपली आणि नवी गाडी कुठे सुरू झाली, याची रेघ ओढता येत नाही. वऱ्हाडच्या कोरड्या हवेत कोकणाइतका गंज चढत नाही, एवढाच काय तो दिलासा. अकोल्याचा उन्हाळा त्याचे उट्टे रबरी नळ्यांवर आणि डॅशबोर्डवर काढतो.

कायद्याने आपल्यापुरते उत्तर देऊन टाकले आहे. मोटार वाहन कायद्याच्या दृष्टीने गाडी म्हणजे चेसी नंबर आणि इंजिन नंबर, आणि मालक म्हणजे आरसी बुकात ज्याचे नाव आहे तो. गाडी अनेक हातांतून गेली, पैसेही चुकते झाले, पण बुकातले नाव बदलले नाही, अशा प्रकरणात अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावरच राहते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली दिला. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनी तर ‘मूळ स्वरूपा’चीच व्याख्या केली. पहिल्या नोंदणीला पन्नासहून अधिक वर्षे झालेली आणि चेसी, बॉडीशेल किंवा इंजिनात मोठा फेरफार न झालेली दुचाकी किंवा चारचाकी ‘व्हिंटेज’ ठरते. तिला ‘व्हीए’ अक्षरांचा क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षांची. मात्र अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला रस्त्यावर आणता येत नाही. मूळ रूप जपायचे तर वापर सोडायचा, असा हा सौदा आहे. वापर हाच जिच्या जन्माचा हेतू, ती वस्तू वापराविना ‘मूळ’ कशी, हे मात्र नियम सांगत नाही.

भारतीय तत्त्वज्ञानात हा प्रश्न वाहनाच्याच उदाहरणाने विचारला गेला. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातला यवन राजा मिनांडर, म्हणजेच पाली परंपरेतला मिलिंद. नागसेन भिक्खूशी झालेल्या त्याच्या संवादात रथ उलगडून दाखवला जातो. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर बौद्ध विचार वऱ्हाडातल्या घराघरांत पोहोचला, तेव्हा हा संवाद इथे परका नाही. नागसेनाचा मुद्दा बैलबंडीवर आणून पाहिला की लगेच उमजतो. चाक म्हणजे बंडी नव्हे, आरे नव्हेत, आख नव्हे, धाव नव्हे, जू नव्हे. हे सगळे ढिगाने एकत्र टाकले तरी ती बंडी होत नाही, आणि हे सगळे वगळले तर बंडी म्हणून वेगळे काही उरत नाही. विशिष्ट रीतीने जुळलेल्या भागांना व्यवहारापुरते दिलेले नाव म्हणजे बंडी.

या मताचा पुरावा वऱ्हाडात रुळांवर होता. अमरावती आणि अकोल्याच्या मधल्या मूर्तिजापूरहून एका अंगाला अचलपूर आणि दुसऱ्या अंगाला यवतमाळकडे जाणारी ‘शकुंतला’ ही अरुंद मार्गावरची गाडी. १९२१ साली मँचेस्टरला बनलेले तिचे वाफेचे इंजिन १९९४ मध्ये निवृत्त झाले आणि त्या जागी डिझेल इंजिन आले. वाफ गेली, शिटीचा आवाज गेला. लोकांनी नाव बदलले नाही. खुद्द अमरावती-अकोला रस्त्याचेही तेच. राष्ट्रीय महामार्ग ६ होता, तो ५३ झाला. जून २०२२ मध्ये अमरावती आणि अकोल्याच्या दरम्यान सलग डांबरीकरणाचा जागतिक विक्रम झाला, तेव्हा पृष्ठभागही नवा आला. तरीही जाणारा ‘त्याच रस्त्याने’ जातो. बौद्ध उत्तर असे खरे ठरते. पण गिऱ्हाइकाला ते उघड्यावर टाकते. नाव व्यवहारापुरतेच असेल, तर विकणाऱ्याने कशालाही कोणतेही नाव द्यावे!

नैयायिकांची, म्हणजे न्यायदर्शन मानणाऱ्यांची, भूमिका याच्या अगदी उलट. त्यांच्या मते अवयवी, म्हणजे पूर्ण वस्तू, ही अवयवांहून खरोखरच वेगळी असते. पण हा अवयवी फार नाजूक आहे. कापडातला एक धागा काढला की जुने कापड नष्ट होऊन ‘खंडपट’ नावाचे नवे कापड जन्मते. ‘तेच कापड’ असे आपण म्हणतो ते नव्या-जुन्याच्या सारखेपणामुळे. हा हिशेब लावला तर कार्बोरेटर काढला की जुनी गाडी संपली आणि बसवला की तिसरीच गाडी तयार झाली. या न्यायाने गॅरेजमध्ये सोडलेली आणि संध्याकाळी परत आणलेली गाडी कधीच एक नसते. माणसाच्या बाबतीत नैयायिकांना आत्म्याचा आधार आहे. शरीर बदलले तरी तो टिकतो. मोटारीला तो आधार नाही. तर्क म्हणून हे मत अभेद्य आहे, व्यवहाराला निरुपयोगी आहे.

वेदान्त्यांच्या देवदत्ताच्या दाखल्यात थोडी सोय सापडते. कधीकाळी दुसऱ्या गावी पाहिलेला देवदत्त आज इथे दिसला, तर ‘तो’ काळ, ‘तो’ गाव आणि ‘हा’ काळ, ‘हा’ गाव हे दोन्ही गाळून उरलेला माणूस एक मानायचा. गाडीबाबत अडचण अशी, की काय गाळायचे हे कोण ठरवणार? वडिलांची जुनी गाडी मुलाने वीस वर्षांनी शोधून परत घेतली, तर तो बदललेले इंजिन आनंदाने गाळतो. परक्या माणसाने ते का गाळावे?

जैन विचाराने या गाठीला सर्वांत चांगला हात घातला आहे. वस्तू द्रव्य म्हणून टिकते आणि पर्याय म्हणून बदलते. दोन्ही एकाच वेळी खरे. आचार्य समंतभद्रांनी ‘आप्तमीमांसे’त सोन्याचा दाखला दिला आहे. सोन्याचा घट मोडून मुकुट केला, तर घट हवा असलेला दुःखी होतो, मुकुट हवा असलेला हरखतो, आणि ज्याला सोनेच हवे होते त्याला काहीच वाटत नाही. एकच घटना, आणि तिन्ही भावना सकारण. जुन्या गाडीचे इंजिन बदलले की हेच तिघे उभे राहतात. संग्राहक हळहळतो, रोज चालवणारा सुखावतो, आणि भंगारवाल्याला वजनात फरक पडत नाही.

या दाखल्याची गंभीर बाजू शिरपूरला दिसते. एके काळी अकोला जिल्ह्यात असलेले आणि १९९८ पासून वाशीम जिल्ह्यात मोडणारे हे गाव अंतरिक्ष पार्श्वनाथासाठी प्रसिद्ध आहे. परंपरेने ही मूर्ती वाळू आणि शेणाची मानली जाते, म्हणून तिला वेळोवेळी लेप द्यावा लागतो. श्वेतांबर परंपरेत लेपात कटिसूत्र आणि कासोटा असतो; दिगंबर परंपरेला तो मान्य नाही. दोन्ही पंथांनी पूजेच्या वेळांचा समझोता १९०५ साली केला होता. तरीही लेपाचा वाद १९१० मध्ये अकोल्याच्या न्यायालयात गेला आणि पुढे १९२९ मध्ये थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत पोहोचला. १९८१ पासून बंद राहिलेले दर्शन २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर पुन्हा सुरू झाले. देवाच्या मूर्तीची मोटारीशी तुलना नाही. पण डागडुजी कधीच निव्वळ डागडुजी नसते, मूळ रूप कोणते यावर ती आपोआप एक बाजू घेते, हे इतक्या ठळकपणे क्वचितच कुठे दिसते. गाडीला रंग देणारा मिस्त्रीही, नकळत का होईना, हाच निर्णय घेत असतो.

मूळपणाचे आणखी एक माप अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला मिळते. गोविंदप्रभूंचे हे गाव महानुभावांचे श्रद्धास्थान. या पंथात स्थान आणि प्रसाद यांना जे मोल आहे ते संबंधामुळे: ईश्वरावताराचा जिथे वावर झाला ती जागा, त्याच्या वापरात आलेली वस्तू. वस्तू कशाची बनली आहे याला महत्त्व नाही. म्हणूनच हा संबंध नोंदवून ठेवणे आले, आणि ‘स्थानपोथी’सारखा ग्रंथ झाला. जुन्या गाडीच्या जगात जुनी बिले, सर्व्हिसचे कागद, आधीच्या मालकांची साखळी यांना जो भाव येतो, त्यामागचा तर्क हाच आहे. तो संबंध पवित्र नसतो एवढेच. संबंध डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे तो खोटा रचणेही सोपे असते. ‘एकाच डॉक्टरच्या हातची गाडी’ या वाक्याला कागद नसेल तर मोल शून्य.

उरला प्रश्न मालकीचा. अपरिग्रहावर बोलताना जैन आचार्य उमास्वातींनी परिग्रहाची व्याख्या वस्तूंच्या संख्येने केली नाही; वस्तूवरच्या मूर्च्छेला, आसक्तीला त्यांनी परिग्रह म्हटले. त्यामुळे एका जुन्या गाडीचा मालक दहा गाड्यांच्या धंदेवाल्याहून अधिक परिग्रही असू शकतो. पहिल्यांदा गाडी घेणाऱ्याची मूर्च्छा तर सौद्याआधीच सुरू होते. बॉनेटचा उतार आवडला की त्याखालची तेलगळती दिसत नाही. धर्मशाळा उभारून स्वतः फुटके खापर घेऊन हिंडलेल्या गाडगेबाबांच्या अमरावतीत हा मुद्दा फार समजावून सांगावा लागू नये.

तेव्हा ‘ओरिजिनल आहे का?’ हा प्रश्न अपुरा आहे. कशासाठी ओरिजिनल, हे आधी ठरले तरच त्याला उत्तर मिळते. संग्रहासाठी घ्यायची असेल तर चेसीवर ठोकलेला नंबर, इंजिन नंबर आणि आरसी बुक यांचा मेळ पाहावा, आणि बदललेले इंजिन हा दोषच मानावा. चालवायची असेल तर नीट बांधलेले दुसरे इंजिन हा गुण आहे. मात्र त्याची नोंद बुकात असली पाहिजे. आठवणीसाठी घ्यायची असेल तर कागदांची साखळी आधी वाचावी, पत्रा नंतर ठोकून पाहावा. तिन्ही एका गाडीत शोधणाऱ्याला गाडी सापडत नाही, आणि सापडली असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

सौदा झाल्यावर फॉर्म २९ आणि ३० भरावे लागतात. घेणाऱ्याने तीस दिवसांत आरटीओला कळवायचे असते. पंधरा वर्षे उलटलेल्या गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करावी लागते. अमरावतीची एमएच-२७ गाडी अकोल्याच्या माणसाने घेतली तर ती एमएच-३० होत नाही; क्रमांक तोच राहतो, फक्त मालकाचे नाव आणि पत्ता बदलतो.