उद्वेग कोणाचा?



आजचं वाचन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १७, श्लोक १५.

या अध्यायात भगवंत तीन प्रकारचं तप सांगतात. आधी शरीराचं, मग वाणीचं, मग मनाचं. आजचा श्लोक मधला, वाणीचा. जे बोलणं उद्वेग देत नाही, जे सत्य आहे, प्रिय आहे आणि हिताचं आहे, ते बोलणं म्हणजे तप. त्याच्याच जोडीला स्वाध्याय. एवढा छोटा श्लोक. मला तो शाळेपासून पाठ आहे, पण कळला दोन वर्षांपूर्वी, आणि तोसुद्धा ठेच लागल्यावर.

तेव्हा माझ्या सासूबाईंना, म्हणजे आमच्या आईंना, अर्धांगवायूचा झटका येऊन गेला होता. उजवी बाजू गेली. बोलणं सावकाश, पण स्पष्ट. घरात मी, नवरा आणि पाच वर्षांची लेक. माझा दिवस पहाटे पाचला सुरू व्हायचा. आईंचं डायपर बदलणं, अंग पुसणं, औषधं, लेकीचा डबा, शाळेची रिक्षा, आणि दहाच्या मीटिंगला चेहरा ताजातवाना करून लॅपटॉपसमोर बसणं. तुमच्यापैकी कितीतरी जणी हे वाचून म्हणतील, यात नवीन काय? खरंच, नवीन काहीच नाही.

एका सकाळी हे सगळं उरकून मी पाच मिनिटं बसले आणि एक पोस्ट लिहिली. पहाटेची वेळ, ओली चादर, आईंचं संकोचणं, आणि त्यांना स्वच्छ करताना मला झालेली पूजेची जाणीव. सोबत एक फोटो, माझ्या हातात त्यांचा हिरव्या बांगड्यांचा हात. चेहरा मुद्दाम घेतला नव्हता. मला वाटलं, झाली की काळजी घेऊन.

पोस्ट खूप फिरली. 'धन्य ती सून', 'संस्कार यालाच म्हणतात'. दिवसभर मी मीटिंगमध्येसुद्धा हळूच फोन बघत होते. खोटं कशाला सांगू, फार बरं वाटत होतं.

संध्याकाळी आईंच्या भाचीचा फोन आला. मी फोन त्यांच्या कानाला धरला. पलीकडून आवाज आला, "मावशी, काय नशीब काढलंत हो! वाचून रडूच आलं मला." आई नुसतं "हो, हो" म्हणाल्या. रात्री दिवा बंद करायला गेले तेव्हा त्यांनी हळूच विचारलं, "अगं, म्हणजे मला अंथरुणातच होतं, हे आता सगळ्यांना कळलं का?"

बस, एवढंच. रागावल्या नाहीत. डाव्या हाताने पांघरूण गळ्यापर्यंत ओढून घेतलं.

आमच्या आईंनी बत्तीस वर्षं शाळेत शिकवलं. कडक इस्त्रीची साडी, केसांचा घट्ट अंबाडा, आणि वर्गात शिरल्या की शांतता. त्यांच्या किती विद्यार्थ्यांनी ती पोस्ट वाचली असेल, कोणास ठाऊक. मी ती त्याच रात्री काढून टाकली. पण तोवर ती कुठकुठल्या ग्रुपवर गेली होती, ती मी कशी परत आणणार?

त्या रात्री हा श्लोक आठवला. माझी पोस्ट सत्य होती. वाचणाऱ्यांना प्रिय होती. कोणाच्या तरी हिताचीही असेल. पण उद्वेग? आजवर मी उद्वेगाचा अर्थ ऐकणाऱ्यापुरताच घेत होते. ऐकणाऱ्याला टोचू नये, एवढंच. ज्याच्याविषयी आपण बोलतो, तो माणूस तर ऐकणाऱ्यांत नसतोच. तो शेजारच्या खोलीत झोपलेला असतो. त्याचा उद्वेग आधी मोजायला हवा होता.

याच अध्यायात तीन श्लोक पुढे भगवंत आणखी स्पष्ट बोलतात. सत्कार, मान, पूजा मिळावी म्हणून दंभाने केलेलं तप राजस, आणि ते टिकत नाही. मला वाटायचं, हे कोणा ढोंगी बाबा-बुवांबद्दल आहे. सेवा मी मनापासूनच करत होते, दंभ त्यात नव्हता. पण ती दाखवायला निघाले आणि मला दोन गोष्टी हव्याशा झाल्या. आईंना आराम आणि मला शाबासकी.

आता, शाबासकी हवीशी वाटणं हे पाप आहे का? मला तसं वाटत नाही. मी थकले होते. घरात कोणी म्हणत नव्हतं, "किती करतेस गं." नीट विचार केला तेव्हा लक्षात आलं की "मी दमलेय" हे मी शेकडो अनोळखी माणसांना सांगितलं होतं, पण स्वयंपाकघरात शेजारी उभ्या असलेल्या नवऱ्याला सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सांगितलं. पहिले दोन दिवस त्याला जड गेलं. मग आईंची सकाळ एक दिवस त्याच्याकडे, एक दिवस माझ्याकडे, असं ठरलं. ते आजही चालू आहे.

मग बायकांनी सगळं मनातच ठेवायचं का? मुळीच नाही. 'घरातलं घरात' हे वाक्य आपल्याकडे बायकांचं तोंड बंद करायला किती वापरलंय, ते आपल्याला माहीत आहे. शिऊरच्या संत बहिणाबाई आठवा (१६२८–१७००). तुकोबांना गुरू मानणाऱ्या या बाईने स्वतःचं आयुष्य अभंगांतून सांगितलं. नवऱ्याने मारल्याचंसुद्धा झाकलं नाही. पुढे त्याचं आजारपण आणि त्याचं बदललेलं मन, हेही सांगितलं. तिने मांडलं ते तिच्या अंगावर आलेलं दुःख. ते सांगायला तिला कोणाची परवानगी नको होती, तुम्हालाही नको. अन्याय सोसत असाल तर बोला, जिथे ऐकलं जाईल तिथे बोला.

माझं तसं नव्हतं. मी आईंची असहायता घेऊन माझी गोष्ट सजवली. थकवा माझा होता, तो मी हवा तिथे सांगितला असता तर चाललं असतं. ओली चादर त्यांची होती.

म्हणून आता काही टाकण्याआधी मी स्वतःला तीन प्रश्न विचारते. यात माझं किती आणि दुसऱ्याचं किती? ज्याचं आहे, त्याच्यासमोर मोठ्याने वाचू शकेन का? आणि हे ज्याला सांगायला हवं, त्याला आधी सांगितलं का? लेकीचे रडतानाचे, हट्ट करतानाचे व्हिडिओ मी तेव्हापासून टाकत नाही. तिला आज नाही म्हणता येत नाही, उद्या येईल.

आजचा हा लेख मी आईंना वाचून दाखवला. आधी मी 'तीस वर्षं शिकवलं' असं लिहिलं होतं. त्या म्हणाल्या, "बत्तीस. नीट लिही. आणि चादरीचं राहू दे, या वेळी विचारलंस ना."

आजचा स्वाध्याय : आज काहीही पाठवण्याआधी, ज्याच्याविषयी आहे त्याला एकदा विचारून बघा.

राम कृष्ण हरी.