अटळ म्हणून क्षम्य?

जें व्हावयाचेंच आहे तें आपल्या हातानें घडविलें, तर त्यांत दोष कोणता? न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंड बेटावर, बुद्धीची वाढ खुंटलेल्या मुलांसाठीं विलोब्रुक नांवाची सरकारी संस्था होती. तेथें ४,००० जणांच्या जागेंत १९६५ पर्यंत ६,००० कोंबलीं गेलीं. संसर्गजन्य कावीळ नव्या मुलास बहुधा गांठीच. १९५६ सालापासून डॉ. सॉल क्रुगमन यांनीं, आईबापांची संमति घेऊन, कांहीं मुलांस त्या रोगाचे विषाणू बुद्ध्याच दिले. रोग होणारच, मग तो स्वतंत्र विभागांत, वैद्यांच्या नजरेखालीं झालेला बरा, अशी त्यांची बाजू होती.

ती आम्हांस पटत नाहीं. हा रोग अटळ केला तो दैवानें नव्हे, दाटीनें. आणि दाटी माणसांनींच केलेली. शिवाय ती संमति! १९६४ च्या अखेरीस जागेअभावीं नवा प्रवेश बंद झाला, तरी प्रयोगाच्या विभागाचें दार उघडें होतें. थकलेल्या आईच्या त्या सहीस संमति म्हणावें कीं नड? डॉ. हेन्री बीचर यांनीं १९६६ सालीं या प्रयोगांवर जाहीर आक्षेप घेतला, तो उगीच नव्हे.

क्रुगमन क्रूर होते असें आम्ही म्हणत नाहीं. काविळीचे दोन प्रकार त्यांनीं निराळे दाखविले. रोग्याचा रक्तद्रव उकळून टोंचल्यास 'ब' प्रकारापासून बचाव होतो, हेंही त्यांस १९७१ पर्यंत आढळलें. दाटी मात्र १९७२ सालीं दूरचित्रवाणीचे बातमीदार कॅमेरा घेऊन आंत शिरले तेव्हांही होतीच.