वारस कोणाला म्हणावे?

वारसा हा शब्द आपण सहजतेने उच्चारतो, पण तो तितका सोपा नाही. वडिलांकडून शेत मिळते, आईकडून दागिना मिळतो. त्या वस्तू सांभाळल्या की वारसा सांभाळला, असे आपण धरून चालतो. परंतु वारशाने एखादे यंत्र हाती आले तर? शेत पडीक राहिले तरी शेतच असते आणि पेटीतल्या दागिन्याचे सोने उणे होत नाही. यंत्राचे तसे नाही. चालणे हाच त्याचा स्वभाव. ते थांबले की उरते ते लोखंड. म्हणून पूर्वजांचे बंद पडलेले यंत्र पुन्हा चालू करणारा माणूस नेमके काय जतन करीत असतो, हा प्रश्न जितका तत्त्वज्ञानाचा तितकाच नीतीचाही आहे.

जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यातील अंकुशनगर ही साखर कारखान्याभोवती वाढलेली वसाहत. तेथील एका घरात हा प्रश्न दोन भावांपुढे उभा राहिला. आजोबांची बी.एस.ए. मोटारसायकल तीसएक वर्षे गोठ्याच्या कडेला पाचटाखाली पडून होती. धाकट्याचे म्हणणे, ती विकून पैसे वाटून घ्यावेत. थोरल्याचे म्हणणे, ती चालू करावी. मिस्त्रीने पाहून सांगितले की पिस्टन, बेअरिंगे, चाकांच्या तारा, टायर आणि वायरिंग हे सारे नवे घालावे लागेल. तेव्हा धाकट्याने मला विचारले, "फादर, एवढे सगळे बदलल्यावर ती आजोबांची राहिली कशी?" त्याला सौदा लवकर उरकायचा होता, हे खरे, पण त्याचा प्रश्न खोटा नव्हता.

ही गाडी एम-२० या जातीची. १८६१ साली बंदुका बनविण्यासाठी बर्मिंगहॅम येथे स्थापन झालेल्या कारखान्याने दुसऱ्या महायुद्धात लष्करासाठी अशा लाखाहून अधिक गाड्या तयार केल्या. ४९६ सीसीचे एकच सिलिंडर, वेग बेताचा, पण सहनशक्ती मोठी. तिच्या नटांना आजचे मिलीमीटरच्या मापाचे पाने बसत नाहीत. जुन्या इंग्रजी मापाचे पाने शोधावे लागतात. ठिणगी देणाऱ्या मॅग्नेटोच्या गुंडाळीवर जे लाखेचे लेपन असते, ते वर्षानुवर्षे पडून राहिल्याने दमटते आणि उष्णतेने मऊ पडते. मग गार इंजिन एकदाचे सुरू होते आणि तापल्यावर बंद पडते. अशा यंत्राची दुरुस्ती म्हणजे केवळ सुटे भाग बदलणे नव्हे. एका विसरलेल्या भाषेचे व्याकरण पुन्हा शिकणे होय.

धाकट्या भावाचा प्रश्न फार जुना आहे. प्लुटार्कने लिहून ठेवले आहे की अथेन्सच्या लोकांनी थिसियसचे गलबत जपले; फळी कुजली की ते तिच्या जागी नवी बसवीत. गलबत तेच राहिले की नाही, यावर तत्त्ववेत्त्यांचे दोन तट पडले. सतराव्या शतकात हॉब्सने त्यात आणखी एक पेच घातला. काढून टाकलेल्या जुन्या फळ्या कोणी गोळा करून त्यांचे दुसरे गलबत उभारले, तर खरे गलबत कोणते?

या पेचाचे एक उदाहरण आपल्या मुंबईच्या बंदरात घडले. ब्रिटनमध्ये बांधणी सुरू झालेली आणि १९५७ साली भारताने विकत घेतलेली 'विक्रांत' ही विमानवाहू नौका १९६१ साली नौदलात आली आणि १९९७ साली निवृत्त झाली. २०१४ साली ती मुंबईत मोडण्यात आली. तिच्या पोलादाचा काही अंश बजाज कंपनीने २०१६ साली 'व्ही' या मोटारसायकलीसाठी वापरला. पुढे २०२२ साली कोची येथे बांधलेली एक नवी नौका त्याच 'विक्रांत' नावाने नौदलात दाखल झाली. द्रव्य एकीकडे गेले, नाव दुसरीकडे. मोटारसायकलीच्या टाकीत आठवण आहे, पण नौका नाही. कोचीच्या नौकेत परंपरेचा अभिमान आहे, पण ती नवीच नौका आहे. याचा अर्थ, केवळ धातू टिकल्याने वस्तू टिकत नाही आणि केवळ नाव टिकल्यानेही टिकत नाही. अंकुशनगरची गाडी भंगारात गेली असती तर जालन्याच्या भट्ट्यांमध्ये वितळून तिची सळई झाली असती. त्या सळईत तिचे द्रव्य राहिले असते. पण तिला आजोबांची गाडी कोण म्हणणार?

ॲरिस्टॉटलच्या परंपरेत वस्तूचे दोन घटक मानतात, द्रव्य आणि आकार. येथे आकार म्हणजे बाह्य रूप नव्हे. ज्या रचनेमुळे वस्तू आपले कार्य करू शकते, ती रचना. आपल्या शरीरातले द्रव्य अन्नपाण्याबरोबर सतत बदलत असते, तरी माणूस तोच राहतो. यंत्राला स्वतःचा प्राण नसतो; त्याचे सातत्य त्याला सांभाळणाऱ्यांच्या हातांतून वाहते. एक तार तुटली म्हणून कोणी नवी घातली, पुढे दुसऱ्याने बुश बदलला, तिसऱ्याने टाकी धुतली, आणि प्रत्येकाने ते काम ही गाडी चालावी म्हणूनच केले. त्या हेतूच्या धाग्याने गाडी तीच राहते. तीस वर्षांच्या खंडानंतरही तो धागा पुन्हा जोडता येतो, मात्र जोडणाऱ्याने आधीच्या हातांचे काम समजून घेतले पाहिजे.

म्हणूनच बदल हा निष्ठेचा शत्रू नव्हे. ज्या उसाच्या शिवारात ही गाडी पडून होती, त्याच पिकापासूनही निघणारे इथेनॉल २०२५ साली देशातल्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत पोहोचले. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेते, जुन्या टाकीला गंज चढवू शकते आणि जुने रबर व बूच खराब करते. तेव्हा 'आजोबांच्या वेळचे आहे' म्हणून पेट्रोलच्या तोटीतले बूच तसेच ठेवणारा गाडीचे हित करीत नाही. काही वेळा जुने सोडणे हेच जुन्याशी प्रामाणिक राहणे असते.

मात्र या स्वातंत्र्याला सत्याची मर्यादा आहे. २०२१ साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांच्या नोंदणीचे नियम केले. सांगाडा आणि इंजिन यांत मोठा फेरफार न करता मूळ स्वरूपात राखलेल्या वाहनांना त्यात वेगळी नोंदणी मिळते; मात्र अशी नोंदणी घेतलेले वाहन नेहमीच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. या नियमामागची नीती सरळ आहे. नवा भाग घालणे हा दोष नाही; नव्याला जुने म्हणून खपविणे, इंजिनावरचा क्रमांक घासून दुसरा कोरणे, हा दोष आहे. ज्याने काय बदलले याची प्रामाणिक नोंद वहीत ठेवली, त्याने पूर्वजांचा मान राखला. ज्याने खोट्या क्रमांकावर किंमत वाढविली, त्याने पूर्वजांचे नावच विकले.

दुसरी मर्यादा न्यायाची. वाटणीत धाकट्याचा वाटा निम्मा होता. थोरल्याला गाडी राखायची तर धाकट्याच्या वाट्याची रास्त किंमत त्याने दिलीच पाहिजे. प्रेमाच्या नावाखाली भावाचा हक्क बुडविता येत नाही. आणि मुलांच्या फीचे पैसे मॅग्नेटोत घालायचे असतील तर गाडी पाचटाखालीच बरी. मृतांचे आपल्यावर ऋण असते, पण ते जिवंतांच्या तोंडचा घास काढून फेडायचे नसते.

आणि तिसरी गोष्ट मिस्त्रीची. कागदावर वारस नातू असतो. पण जुन्या इंग्रजी मापाचे पाने जपून ठेवणारा, लेथवर बुश वळविणारा, इंजिनाचा ठोका ऐकून व्हॉल्व्हचे अंतर ओळखणारा माणूस आजोबांच्या रक्ताचा नसूनही आजोबांचे ज्ञान सांभाळीत असतो. नातवाने पैसे मोजून तयार गाडी घरी नेली तर त्याला मालकी मिळाली. वारसा मिस्त्रीपाशीच राहिला. हात काळे करून तो मिस्त्रीशेजारी बसला, चुकत चुकत शिकला, तरच मालकी आणि वारसा एका माणसात एकत्र येतात.

वारस म्हणजे मागच्यांकडून घेणारा, अशी आपली समजूत आहे. ती अपुरी आहे. पुढच्याला देता येईल अशा स्थितीत जो वस्तू ठेवतो, आणि ती कशी राखावी हेही शिकवून जातो, तो वारस. गाडी आजोबांची राहिली का, याचा निर्णय तिच्यात जुने भाग किती उरले यावरून होणार नाही; ती चालविणारा कोणाला ती चालवायला शिकवतो, यावरून होईल.