लहरींवरचा आवाज आणि शिष्टाचार

हॅम म्हणजे हौशी रेडिओवर आवाज अरुंद वाटेने जातो. सिंगल साइडबँड प्रक्षेपणात साधारण ३०० ते २७०० हर्ट्‌झ एवढाच पट्टा पलीकडे पोचतो. ‘स’चा सळसळाट बहुतांशी ४००० हर्ट्‌झच्या वर असल्याने तो वाटेतच गळतो. मग खरखरीत कुणी ‘साठ’ म्हटले तर ऐकणाऱ्याला ‘आठ’ वाटू शकते. माळशेज घाटात दरड कोसळून अडकलेल्या प्रवाशांचा आकडा कळवताना हा फरक जिवावर बेतू शकतो. जाणता ऑपरेटर म्हणूनच ‘साठ, सहा-शून्य’ असे सुटे अंक सांगतो.

घाटाखालच्या शहापूर-मुरबाड भागाचा भूगोल या अडचणीत भर घालतो. हौशी ऑपरेटरांच्या १४४ ते १४६ मेगाहर्ट्‌झच्या लहरी जवळपास सरळ रेषेत जातात. माहुली किल्ल्याच्या किंवा गोरखगडाच्या आडोशाला उभे राहिले की मध्ये सह्याद्री येतो आणि हातातल्या संचाचा क्षीण संकेत तो पुढे पाठवणाऱ्या उंचावरच्या रिपीटरपर्यंत जेमतेम पोचतो.

अशा संकेतावर इको लावणे म्हणजे अक्षरांवर अक्षरे रचणे. बोलणाऱ्याला आपला आवाज भारदस्त वाटतो, ऐकणाऱ्याचे शब्द मात्र बुडतात. कॉम्प्रेशनचे तसे नाही. बेताने लावले तर ते आवाजातले दबलेले भाग वर काढते आणि दूरच्या माणसाला मदतच करते. अति झाले की दोन शब्दांमधला पंख्याचा घरघराटही तितक्याच जोराने जातो. साइडबँडवर माइकचा गेन बेसुमार वाढवला, तर आवाज फाटतो आणि शेजारच्या फ्रिक्वेन्सीवर सांडतो. तिथून पुढे ती खासगी हौस राहत नाही.

आवाज सजवण्याच्या या हौसेचे माहेर अमेरिकेतला सिटिझन्स बँड. तिथे सत्तरच्या दशकात ट्रकचालकांनी जादा ॲम्प्लिफायरचे माइक, इको आणि बोलणे संपल्याचा बीप यांची रेलचेल केली. भारतात २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्‌झचा हा पट्टा २००५ साली ५ वॉटपर्यंत परवानामुक्त झाला, पण मोबाइलच्या जमान्यात तो फारसा रुजला नाही. हॅमसाठी आजही परीक्षा, परवाना आणि कॉलसाइन लागते. १९७८ चे नियम संगीताला आणि सांकेतिक भाषेला मनाई करतात. आवाज किती सजवावा, हे मात्र बव्हंशी शिष्टाचारावर सोडलेले आहे.

तो शिष्टाचार ऐकण्यापासून सुरू होतो. बटण दाबण्याआधी फ्रिक्वेन्सी मोकळी आहे ना, हे ऐकून घ्यायचे. बटण दाबून क्षणभर थांबायचे, नाहीतर पहिलाच शब्द कापला जातो. कॉलसाइन सावकाश उच्चारायचे. आवाज कसा येतो, हे दुसऱ्याला विचारायचे आणि त्याने ‘फाटतोय’ म्हटले तर गेन खाली आणायचा. इथे वाद घालणारे कमी नाहीत. अनेक रिपीटरांना स्वतःचा बीप असतो, वर आपला जोडणे फुकटचे. प्रत्येक पाळीनंतर दोनेक सेकंद जागा सोडायची, कारण घाटातल्या एखाद्याला तातडीचा निरोप घेऊन मध्ये शिरायला तेवढीच फट मिळते.